लुंगी खोटं बोलत नाही

कुदळेकाका शेअर बाजाराची चाल ड्रायव्हरांच्या लुंग्यांवरून सांगतात.

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये डावीकडची तिसरी खिडकी त्यांची. रस्त्याच्या कडेला नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर उभे असतात. त्यांवर लुंग्या वाळत दिसल्या की काका वहीत रेघा ओढतात.

"ड्रायव्हरला धुणं धुवायला सवड हाय, म्हंजी भाडं न्हाई. भाडं न्हाई, म्हंजी गाड्या खपंनात. आता शेअर उतरणार, सरकारी रोखं चढणार. लुंगी खोटं बोलत न्हाई!"

रोखे का चढणार, असं विचारलं की ते बसच दाखवतात. "सकाळी उजवीकडनं ऊन येतं, तवा समदी सावलीला पळत्यात का न्हाई? शेअर उन्हात, रोखं सावलीत. सावलीला गर्दी झाली की जागेला भाव येतो. त्यात बँकेनं व्याज उतरवलं, की जास्त व्याजाच्या जुन्या रोख्याला आणखीन मान."

मी तिथे एचआरमध्ये आहे. काकांची नक्कल मी फार छान करायचो. वही, चष्मा, रेघ, सगळं. बस हसून लोळायची आणि काकाही हसायचे.

आमच्याकडे सुदाम म्हणून लातूरकडचा एक कंत्राटी कामगार होता. एका सकाळी तो बसमध्ये म्हणाला, "सायेब, बायको-लेकराला हिकडं आणावं म्हणालोय. पोरीचं नाव हितल्या शाळेत घालतो."

मी बोलायच्या आत काका वळले. "थांब जरा. आज एकवीस लुंग्या हायत. साहेब, तुमीच सांगा, कंपनीत हाय का काई तसं?"

"सुदाम, लुंगीला विचारून संसार करणार का?" मी मोठ्याने म्हणालो. "आण बिनधास्त!"

बस खदखदून हसली. दुसरी पाळी बंद करण्याचं पत्र तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होतं. तोंड बंद ठेवायची वरून ताकीद होती, हे खरं. पण 'आण बिनधास्त' म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मला फक्त हशा हवा होता.

महिन्याभरात दुसरी पाळी बंद झाली आणि कंत्राटी कामगारांना काढलं. शेवटच्या दिवशी सुदाम माझ्या सीटजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मुलीच्या नव्या गणवेशाची पिशवी होती. बायको आठवड्यापूर्वीच आली होती.

"सायेब, तुमाला ठाव नव्हतं का हो?"

काका खिडकीजवळूनच म्हणाले, "त्यांना कुठनं ठावं असणार? त्यांची केबिन आतल्या अंगाला. खिडकीच न्हाई तिला." सुदामने मान हलवली आणि तो उतरला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मला अक्षरशः सीटखाली शिरावंसं वाटलं.

बस रिकामी झाल्यावर मी उगाच विचारलं, "काका, तुमचे शेअर किती आहेत?"

"एक बी न्हाई. रोखा बी न्हाई."

"मग हे सगळं कशाला?"

त्यांनी वही मिटली. "आधीची कंपनी बंद पडली, तवा बी मी खिडकीपाशीच बसायचो. माझ्या लाइनीवर चाळीस पोरं व्हती. ट्रेलर तवा बी उभं असणारच की. पर मी येताना झोपायचो."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढलो, तर काका आतल्या सीटवर सरकले होते. खिडकीची जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती, आणि तिच्यावर वही.

"बसा, साहेब," ते म्हणाले. "निजू नका फक्त."