सातव्या होलची घंटा

अतुल देशकरला ऑक्टोबरात तीन आठवडे रजा हवी होती, आणि त्यासाठी त्याला गोल्फ खेळावं लागणार होतं. नागपूरला वडिलांची पंच्याहत्तरी होती. "नाही जमलं तर राहू दे," वडील फोनवर म्हणाले होते, "मी काही पुन्हा पंच्याहत्तरीचा होणार नाही, एवढंच." एवढं ऐकल्यावर न जाण्याची कोणाची हिंमत होणार?

रजा देणारा साहेब डग. हा गृहस्थ ऑफिसात कशालाही नाही म्हणायचा आणि गोल्फच्या मैदानावर कशालाही हो. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या ऑफिसात सगळ्यांना हे पाठ होतं. तेव्हा अतुलने बेसमेंटमधल्या गालिच्यावर महिनाभर व्हिडिओ बघून सराव केला, एक दिवा फोडला आणि शनिवारी डगबरोबर खेळायला जायचं ठरवून टाकलं.

नेमकी त्याच शनिवारी राधिकाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हॉस्पिटलमध्ये ड्यूटी लागली. साताऱ्याहून मुलीकडे आलेल्या शरयूताई गुळपोळ्यांचा डबा घेऊन आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

"आई, तिथे बोअर होईल तुम्हाला."

"गवत आहे ना? मग मी चालेन. तुम्ही खेळा, अतुलराव. माझी काही अडचण नाही."

ते गोल्फ कोर्स शहराने शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी बांधलेलं. दगडी क्लबहाउस, जुनी ओकची झाडं, आणि डॉक्टर, प्लंबर, रिटायर्ड पोस्टमन सगळे एकाच रांगेत. शरयूताईंनी पदर खोचला आणि कडेच्या पायवाटेने त्या जावयाच्या बऱ्याच पुढे निघून गेल्या.

पहिल्या सहा होलांत अतुलचा चेंडू तळ्यात गेला, झाडीत गेला, एकदा तर शेजारच्यांच्या डावात जाऊन आला. रजेचा विषय काढायला तोंड उरलं नव्हतं. सातव्या होलला मात्र डग थांबला आणि हळवा झाला. तो अर्थात इंग्रजीत बोलत होता, पण आपण ते मराठीतच ऐकू.

"बारा वर्षांचा होतो मी. इथून मारला आणि एका फटक्यात चेंडू भोकात. होल-इन-वन! लोक जन्मभर खेळतात, एकदाही मिळत नाही. हा मधला उंचवटा आहे ना, त्याच्यामुळे इथून काही दिसत नाही. पलीकडे माझी आई सँडविचची टोपली घेऊन उभी होती. तीच हात हलवत धावत आली सांगायला." त्याने नाक ओढलं. "त्या एका फटक्याने मला माणूस केलं, अतुल."

"वा," अतुल म्हणाला. "पण मग पलीकडे कोणी असलं तर कळतं कसं?"

"तिकडे खांबाला पितळी घंटा आहे. पुढचे लोक भोकाभोवतीच्या हिरवळीवरून निघाले की वाजवतात. मग आपण मारायचं."

तेवढ्यात घंटा वाजली. चांगली तीनदा, खणखणीत.

"मोकळं आहे. मार."

अतुलने नागपूरचं स्मरण केलं, डोळे मिटले आणि हाणला. चेंडू चक्क सरळ गेला आणि उंचवटा ओलांडून दिसेनासा झाला. डग आपला चेंडू ठेवायला वाकतो तोच घंटा पुन्हा वाजली.

"आता परत कोण वाजवतंय?"

दोघं उंचवट्यावर चढले. खाली हिरवळीच्या काठाशी बूट काढून ठेवलेले होते, आणि निशाणाजवळ शरयूताई भोकासमोर डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. डग धावत गेला. भोकात अतुलचा चेंडू होता.

डगने अतुलला कवेत घेऊन जमिनीवरून उचललं. लोंबकळत्या अवस्थेत अतुलने विचारलं, "आई, काय झालं?"

"अहो, घंटा दिसली म्हणून वाजवली. देव काही दिसला नाही, निशाण तेवढं होतं. जवळ बघायला आले तर हा चेंडू आला, आणि माझा पाय लागला की हो त्याला. गेला भोकात. मग पुन्हा घंटा वाजवली, नमस्कार केला."

"काय म्हणतेय ती?" डगने विचारलं.

अतुल जमिनीपासून वीतभर वर होता. तिथून खरं बोलणं अवघड असतं. "म्हणते, देवाची कृपा."

झालं. डग पुढचे होल खेळलाच नाही. क्लबहाउसमध्ये जाऊन त्याने डांगोरा पिटला. होल-इन-वनवाल्याने सगळ्यांना बिअर पाजायची अशी तिथली रीत, त्यामुळे मैदानावर नसलेली माणसंही जमली. रिटायर्ड पोस्टमनने अतुलचा हात हातात घेऊन विचारलं, "फटक्याच्या वेळी नजर कुठे होती?"

"आत," अतुल खरं तेच बोलला. पोस्टमन गंभीरपणे मान हलवत राहिला.

संधी साधून अतुलने रजेचं काढलं. "ऑक्टोबरात तीन आठवडे..."

"ऑक्टोबर?" डग हसला. "ऑक्टोबरात कंपन्यांची टूर्नामेंट असते. आता तू माझा हुकमी एक्का. रजा विसर."

फोनवरचे वडील डोळ्यांपुढे आले. त्याने डगला खिडकीपाशी नेलं आणि घंटा, पाय, नमस्कार, सगळं सांगून टाकलं. आता रजा तर जाणारच, नोकरीही गेली तर जाऊ दे, असं त्याला खरोखर वाटलं.

डग चिडला नाही. तो खिडकीतून लांबचं सातवं निशाण बघत राहिला.

"पलीकडे ती एकटीच होती?"

"हो."

"दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही?"

"नाही."

डगने कपाळ काचेला टेकवलं. "माझी आई," तो अखेर म्हणाला, "फार टापटिपीची होती. जमिनीवर काही पडलेलं तिला बघवायचं नाही."

मग तो अतुलकडे वळला.

"किती आठवडे म्हणालास?"

"तीन."

"चार घे. वडिलांना माझ्या शुभेच्छा सांग. आणि हे कुणाला सांगू नकोस." मग घाईने, "तुझ्याबद्दल म्हणतोय मी."

शरयूताई लगबगीने आल्या. "काय झालं हो? साहेब रागावले का?"

"नाही, आई. त्यांना त्यांच्या आईची आठवण आली."

"अगं बाई," म्हणत शरयूताईंनी डबा उघडून डगपुढे धरला. डगने एकदा गुळपोळ्यांकडे पाहिलं, एकदा शरयूताईंच्या पायांकडे पाहिलं. मग त्याने आधी दोन्ही हात जोडले आणि नंतर पोळी घेतली.