ॲडलेडबाईंचा राजीनामा

बाळ खांद्यावर घेऊनही अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर करता येतं, हे मी सगळ्या नाशकाला दाखवून देणार होते! आमचे विहंगराव, वय महिने आठ, अंथरुणाला पाठ टेकली की तव्यावर पडल्यासारखे किंचाळतात. झोपतात फक्त माझ्या डाव्या खांद्यावर, तेही मी चालत असेन तर. म्हणजे उजवा हात आणि तोंड मोकळंच की! येरझाऱ्या घालत मी भाषांतर बोलायचं, फोननं ते साठवायचं आणि जमेल तेव्हा लिहून काढायचं. त्यासाठी व्हॉट्सॲपवर मी एकटीचाच एक ग्रुप केला. नाव 'पत्रं'.

पत्रं होती ॲडलेड फेअरबर्न या बाईंची. दीडशे वर्षांपूर्वी लंडनची रंगभूमी गाजवलेली नटी. माझं हे पहिलंच पुस्तक. प्रकाशक नानांनी बजावलं होतं, "शनिवारी शेवटची पत्रं हातात हवीत, ताई. नाहीतर काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

त्या दुपारी बाईंनी नाटक कंपनीच्या मालकाला लिहिलेलं पत्र घेतलं. विहंगला दात येतायत, त्यामुळे मी रात्रभर जागी. बाईंचा आवाज माझ्या गळ्यातून आपोआपच निघाला:

"सात वर्षं झाली, रोज तुमच्यासाठी मरतेय मी. अंगात ताप होता तेव्हाही तुम्ही मला उभं केलंत. जेवलीस का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी आता उभं राहवत नाही, कच्च्या कांद्याचा वास मारतो तोंडाला! शनिवारी मी निघते. मूल माझ्याबरोबर येईल. अडवायला कुणाला पाठवू नका."

पाठवलं. फोन मुका केला आणि बाळासकट सोफ्यावर कलंडले.

जाग आली ती बेलनं. दारात सासूबाई आणि आबा, म्हणजे माझे सासरे! सटाण्याहून थेट. आबांचा कांद्याचा व्यापार, ऐन बाजार टाकून आलेले. मागे माझा नवरा शेखर, सातपूरच्या कंपनीतून निघालेला, डोक्यावर हेल्मेट तसंच.

आमच्याकडे बैठकीची एक रीत आहे. मुद्द्याला कुणी हात लावायचा नाही. आधी चहा, मग ऊन, मग बाजारभाव. मला वाटलं, नातवाला बघायला आलेत! फक्त आबा पार खिडकीपाशी बसले होते, तोंडावर उपरणं धरून.

"सर्दी झालीये का आबा?"

"नाय. असंच," ते उपरण्याआडून म्हणाले. लवंगेचा घमघमाट सुटला होता.

शेवटी आईंनी कप खाली ठेवला. "बेटा, शनिवारचं रद्द नाय का होणार?"

मला गहिवरूनच आलं. माझ्या सासूला माझी तारीख ठाऊक! "नाही हो आई. नानांना शब्द दिलाय मी."

शेखरची बशी कलंडली. "कोण नाना?"

"विसरलास? महिनाभर सांगतेय तुला! तू ऐकतोस कुठे?"

"वय काय त्याचं?" आबा.

"सत्तरीच्या पुढे असतील. पण उत्साह बघाल तर!"

आईंनी कपाळाला हात लावला. शेखर रडवेल्या आवाजात म्हणाला, "आणि सात वर्षं कुठली गं? लग्नाला तीनच तर झाली."

"सातासारखी वाटली असतील तिला!" आई त्याच्यावर फिस्कारल्या.

सात वर्षं? मी झडप घालून फोन उचलला. 'पत्रं'च्या शेजारी माझा अंगठा पडला होता 'सटाणा परिवार'वर! अख्ख्या गोतानं ऐकलेलं. नांदगावच्या आत्यांचं तर उत्तरही आलं होतं: "मूल तरी ठिवून जा म्हणावं."

"अहो, ही बाई जाऊन शंभरच्या वर वर्षं झाली!" मी ओरडले. मूळ पत्र काढून दाखवलं, सगळा उलगडा केला.

उपरणं हळूच खाली आलं. "म्हंजे तो म्हातारा..."

"तो नट होता आबा! राजाचं काम करायचा."

"मंग मी सटाण्यापासून लवंगा कशापायी चावल्या?"

शेखर इतका हसला, की हेल्मेट डोळ्यांवर आलं. आई मात्र हसल्या नाहीत.

"तापाचंबी तिचंच का?"

शेखरनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि उगाच त्याचा पट्टा चाचपत राहिला. आईंनी विहंगला माझ्या खांद्यावरून उचललं. हा लबाड किंचाळलाही नाही!

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

नव्हते जेवले.

आई शनिवारपर्यंत राहिल्या. पहिल्या दुपारी मी जेवून जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. एक ओळ झाली नाही. पण पुढे झाली सगळी. आबा रोज सटाण्याहून फोन करून विचारायचे, "त्या बाईनं सोडली का कंपनी?"

नाही सोडली. शेवटचं पत्र चार ओळींचं आहे. मालकानं सकाळी गरम सूप पाठवलं, बाई विरघळल्या आणि रात्री प्रयोगाला उभ्या राहिल्या. अट एकच, म्हाताऱ्याला कांदा देऊ नका.

शनिवारी नानांनी चष्मा लावून मूळ पत्र नि भाषांतर ताडून पाहिलं. "ताई, काम फार सुंदर झालंय. पण मुळात सगळीकडे कांदा आहे. तुम्ही लसूण का केलाय?"

"नाना," मी म्हटलं, "पुस्तक आबाही वाचणार आहेत."