सासऱ्यांचा पासवर्ड

नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत सकाळी सगळ्यात आधी आरेखक बाईंना यंत्राने ओळख दाखवायचं नाकारलं. त्यांनी नाव घातलं, पासवर्ड घातला. पडदा बराच वेळ विचारात पडला आणि "प्रवेश नाकारला" म्हणाला.

"पासवर्ड विसरलात," सिस्टमवाल्याने खुर्चीतून न उठता निदान केलं.

"अहो, काल तर चालला!"

"काल तुमचं लक्ष होतं."

सिस्टमवाला आज जरा जास्तच ताठ बसला होता. त्याची उमेदवारी संपत होती. नोकरी कायम केल्याचं पत्र मोठ्या बाईंच्या संगणकात तयार होतं. त्या ते आज पाठवणार होत्या. ही जागा मुळात त्याच्या सासऱ्यांची. निवृत्त होताना त्यांनी शब्द टाकून जावयाला तिथे चिकटवलं, आणि जावयाने आल्या आल्या जाहीर केलं की मागची व्यवस्था म्हणजे नुसती धर्मशाळा होती.

बाईंपाठोपाठ छपाईवाले अडले, मग टेलिफोनवरच्या ताई. सिस्टमवाला उठला आणि त्याने छोटंसं भाषण केलं. "अख्खी कचेरी एकाच दिवशी पासवर्ड विसरते! घरचा पत्ता तरी आठवतो ना सगळ्यांना?"

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. "मीही विसरले वाटतं. तुमचं पत्र आत अडकलंय, म्हणून सांगायला आले हो."

सिस्टमवाल्याने हसून स्वतःचं नाव घातलं. नाकारलं. मग एका बोटाने, एकेक अक्षर दाबून घातलं. नाकारलं.

"सर," मागून आरेखक बाईंचा आवाज आला, "लक्ष होतं ना?"

त्याचे कान तापले. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. कुणीही नाव घातलं की मुख्य लिनक्स यंत्रावरची एक सेवा "हा आपलाच" अशी ग्वाही द्यायची. ती सेवा आज हाक मारली तरी ओ देत नव्हती. तिला बंद करून पुन्हा चालू केलं की झालं! पण त्यासाठी आत जायला हवं, आणि आत सोडणारी तीच. यंत्राचं स्वतःचं मुख्य खातं असतं अशा वेळेसाठी. ते त्याने आल्या आल्या बंद करून टाकलं होतं. सुरक्षेसाठी. एकुलती एक किल्ली घरात ठेवून बाहेरून दार ओढून घ्यावं, अशी ती सुरक्षा.

"मग आता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एक... एक माणूस आहे."

"लावा फोन. स्पीकरवर लावा, आम्हालाही कळू दे."

"बोला जावईबापू," सासरे म्हणाले. "धर्मशाळेची आठवण झाली?"

कुणीतरी खोकलं. सिस्टमवाल्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"चिऊ नावाचं खातं उडवलंत का?"

"नाही. मला वाटलं, लिनक्सचंच काहीतरी असेल."

"लिनक्सचं? अहो, बायकोला माहेरी काय म्हणतात ते तरी माहीत असू द्या! ते खातं त्याच यंत्रावरचं आहे, सेवेला विचारायला जात नाही. घाला. आता पासवर्ड. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून: जावई बुडवणार."

छपाईवाल्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"जावई... व्हीने की डब्ल्यूने?" सिस्टमवाल्याने जेमतेम विचारलं.

"डब्ल्यूने. आणि शेवटी प्रश्नचिन्ह. तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं."

यंत्राचं दार उघडलं.

"डिस्कवर जागा किती उरलीय?"

"शून्य."

"नोंदी किती बारीक लिहायला सांगितल्यात त्या सेवेला?"

सिस्टमवाला काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"सगळ्यात बारीक! कोण कोण पासवर्ड चुकवतं, ते पकडायला."

"म्हणजे लोकांच्या चुका लिहिता लिहिता बिचारीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. पुसा ते सगळं, बारीक लिहिणं बंद करा आणि तिला पुन्हा चालू करा."

त्याने तसं केलं. एकेक पडदा उजळला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. मोठ्या बाई आत जाऊन बसल्या, आणि तो त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला. हातातला फोन ठेवायचं भान त्याला नव्हतं.

"बाई, पत्र नाही पाठवलंत तरी चालेल. माझी तक्रार नाही."

"पाठवलं आत्ताच."

"पण आजचं हे सगळं..."

"तुम्हाला काढलं तर सासरेही जातील. त्यांना आम्ही कुठून आणायचं? तुम्ही आहात तोवर ते बोलावल्याबरोबर फोनवर येतात." त्यांनी चष्मा चढवला. "तो पासवर्ड मात्र आधी बदला. सगळ्यांना पाठ झालाय."

"लगेच बदलतो. काय ठेवू पण?"

हे त्याने बाईंना विचारलं होतं. उत्तर हातातून आलं.

"तोच राहू द्या हो. फक्त प्रश्नचिन्ह काढा आणि पूर्णविराम द्या."