लकडगंजच्या टोस्टभट्टीवर मुका रिले चढला त्याची हकीकत

श्री. शहर नागपूर, पेठ लकडगंज, येथील टोस्टभट्टीवर जें अरिष्ट गुदरलें आणि ज्या मसलतीनें तें निवारलें, त्याचें वर्तमान जैसें जालें तैसें, पदरचें न घालतां लिहिलें असे.

राजमान्य राजश्री कृष्णकांतराव ढोबळे हे भट्टीचे खावंद. पदरीं शोभाताई आणि आणिक पांच बायका, मळणाऱ्या, कापणाऱ्या, पुडे बांधणाऱ्या. रावसाहेबांचा अंमल मोठा आवाजी. आपल्या हुकुमावांचून पाव फुगत नाहीं ऐसी त्यांची खातरजमा होती. धंतोलीच्या एका इस्पितळाचे कँटीनीं रोज साठ पुडे रवाना होत, आणि त्यावरच साही जणींच्या चुली चालत.

विजेच्या भट्टीचे पेटींत जुना रिले तैनात होता. ताप एकशें ऐंशीवर गेला कीं आंतले दोन पत्रे विलग करून त्यानें वीज तोडावी, आणि उतरला कीं पुन्हां जुळवावी, ही त्याची चाकरी. दर खेपेस खट् आवाज आणि बारीक ठिणगी. ठिणग्या खातां खातां बुधवारीं सकाळीं पत्रे वितळून एकमेकांस ऐसे बिलगले कीं सुटेनात, आणि वीज वाहत राहिली, आणि ताप अडीचशांपार गेला, आणि मग सात ट्रे टोस्ट कोळसा होऊन पडले. कँटीनचें फर्मान आलें कीं, मागील आठवड्यांतही माल करपला होता. आज चार वाजेतों साठ पुडे नीट न पोंचल्यास माल दुसरीकडून घेतला जाईल. शोभाताईंनीं फोन ठेविला आणि कोणाकडेही न पाहतां ट्रे खरवडूं लागल्या.

मग उमरेडाहून मिनलबाई वायरमन यांस पाचारण जालें. बाई आयटीआय शिकलेल्या, मातबर. एसटीनें बारा वाजतां दाखल जाल्या, पेटी उघडिली आणि चिकटलेले पत्रे रावसाहेबांचे हातीं ठेविले. सालांत हा तिसरा मोहरा पडला, आतां सॉलिड स्टेट रिले बसवावा, ऐसी त्यांची मसलत. रावसाहेबांनीं हुकूम केला कीं, जुन्याच जातीचा आणावा. जो खट् म्हणत नाहीं तो कामावर आहे कीं निजला, हें धन्यास कैसें कळावें?

बाईंनीं शांतपणें समजाविलें कीं, यांत हलणारें कांहीं नाहीं. हुकूम येतांच आंत बारीक दिवा लागतो, त्याचा उजेड पलीकडच्या चकतीवर पडतो, आणि ती भट्टीच्या विजेस वाट देते. दिवा विझला आणि विजेची लाट शून्यावर आली कीं वाट बंद. मधें तार नाहीं, उजेडच काय तो जासूद. म्हणोन ठिणगी नाहीं, झीज नाहीं, आणि सेकंदासेकंदास हुकूम दिला तरी तक्रार नाहीं. खोड इतकीच कीं तो स्वतः तापतो, सबब पाठीस ॲल्युमिनियमचा पत्रा पाहिजे. आणि मेला तर बहुधा वाट उघडी ठेवूनच मरतो, सबब जादा तापास तोडणारा पहारेकरी वेगळा नेमावा.

रावसाहेब तरी डळमळेनात. त्यांनीं जुन्या रिलेची इमानदारी वाखाणिली आणि वाखाणीतच राहिले. तेव्हां शोभाताई ट्रे खालीं ठेवून बोलल्या, "मालक, आता लावलं तर चारले पोचते. बोलून राहाल तर नाही पोचत."

रावसाहेब पेटीसमोरून बाजूस सरले. मोहीम सुरू जाली.

दीड वाजतां बाईंच्या पिशवींतला नवा रिले पत्र्यासुद्धां पेटींत चढला, पहारेकरीही जोडला, आणि भट्टी चालती जाली. आवाज नाहीं. रावसाहेबांनीं चार वेळां पुसिलें कीं लाईन गेली काय. मग पेटीस कान लाविला. मग चष्मा चढवून पाहिलें तों लाल ठिपका लुकलुकत होता आणि आंकडा एकशें ऐंशी, एकशें एकोणऐंशी, एकशें ऐंशी.

"आवाज बंद झाला म्हणून काम बंद नाही होत, काका," ऐसें मिनलबाई म्हणाल्या.

पहिला ट्रे बाहेर आला तो सोन्यासारखा. रावसाहेबांनीं एक टोस्ट मोडिला, खाल्ला, हुकूम द्यावयास तोंड उघडिलें, आणि देण्याजोगा हुकूम न सांपडल्यामुळें मैद्याच्या पोत्यावर बसले. दोन तास बसले. तितक्यांत बायकांनीं साठ पुडे बांधिले, आणि चारास दहा कमी असतां माल धंतोलीस पोंचला, आणि कँटीनचा रोजचा हुकूम पूर्ववत कायम जाला.

मिनलबाई पिशवी आवरीत असतां शोभाताईंनीं पोत्याकडे नजर टाकून हळूच पुसिलें, "मिनल वं, माणसाले बसवाचा असा एखादा मिळते का?"

बाईंनींही पोत्याकडे पाहिलें. "मिळन ना ताई. पण पाठीचा पत्रा लय मोठा लागन."

येणेंप्रमाणें बुधवारीं, दोनप्रहरीं तीन वाजून पन्नास मिनिटांनीं, भट्टीची फत्ते जाली. साही जणींची चाकरी बहाल राहिली. खावंद सुखरूप असून दुसऱ्या दिवशीं नवापर्यंत कांहीं बोलले नाहींत, हें सहा साक्षींनिशीं नोंदविलें असे.