बाबल मेस्त्रीचा ओळंबा

आमच्या आचरा गावात रस्त्यात कुणी भेटलं की माणसं "खंय चललंस?" असं विचारतात. बाबल मेस्त्री काहीच विचारत नाही. तो वाट अडवून उभा राहतो, डावा डोळा मिटतो, खिशातून गवंड्याचा ओळंबा काढतो आणि त्याची दोरी तुमच्या नाकासमोर धरतो. खाली पितळेचा गोळा तुमच्या बेंबीपाशी डुलत असतो. तो डुलायचा थांबेपर्यंत तुम्ही भर बाजारात, हातात मासळीची पिशवी घेऊन, शिक्षा झाल्यासारखे उभे. मग मेस्त्री निकाल देतो. हा निकाल गेली चार वर्षं एकच आहे.

"सुतात नाय आसस."

म्हणजे तू ओळंब्याच्या सरळ रेषेत नाहीस. एवढं सांगून ओळंबा खिशात टाकतो आणि चालू लागतो. पुढे काय करायचं, हे विचारायला तुम्ही त्याच्या मागे धावलात तर तो दोन्ही हात वर करतो. "दुरुस्ती माका येना नाय. माका माप येता." म्हणजे हा असा वैद्य, की जो औषध देत नाही, पथ्य सांगत नाही, नुसता आजार वाटत फिरतो. आणि आमच्या गावातली शहाणीसुरती माणसं तो घेतात, घरी नेतात आणि त्या दिवसापासून मान चोळत बसतात.

हे सगळं मला बघावं लागतं, कारण बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि मेस्त्रीची बसायची जागा माझ्या दुकानाची पायरी. औषधशास्त्राची माझी पदविका काचेच्या चौकटीत गल्ल्याच्या मागे टांगलेली आहे. तिच्या नाकावर टिच्चून हा सातवी नापास माणूस माझ्या गिऱ्हाइकांना पायरीवरच अडवतो. कुणी पित्ताची गोळी मागितली, की मागून आवाज येतो, "गोळी कित्याक खातंस रे? पोटाचा काय नाय ता. वरचो चिरो सरकलो आसा."

हा वरचा चिरा म्हणजे मानेचा पहिला मणका. मेस्त्रीने चाळीस वर्षं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती बांधल्या. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्याच्या हातची आहेत आणि त्यातली एकही रेषेबाहेर नाही, हे मी शत्रू असूनही कबूल करतो. बांधकाम सोडून तो गप्प घरी बसला असता तर लोकांनी त्याचं नाव आदराने घेतलं असतं. पण चार वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका डॉक्टरने आमच्या किनाऱ्यावर सुट्टीचं घर बांधायला काढलं आणि घात झाला.

हा डॉक्टर परदेशात शिकून आलेला. सुई टोचायची नाही, गोळी द्यायची नाही, हाताने मणके जागेवर आणायचे, असं त्याचं शास्त्र. त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. मेस्त्रीच्या तोंडात त्याचं नुसतं 'कायरो' उरलं. एका दुपारी त्याने मेस्त्रीला प्लास्टिकचा सांगाडा दाखवला. पहिला मणका म्हणजे एक कडं, त्याच्यावर आख्खं डोकं टेकलेलं. ते कडं जरा कललं तर डोळे समपातळीत ठेवायला खालचं शरीर आपली सोय बघतं. एक खांदा उतरतो, एक कंबर चढते, एक पाय आखूड भासू लागतो. मेस्त्री त्या दिवशी जेवला नाही म्हणतात. मला येऊन म्हणाला, "आमी चाळीस वर्सां पायो बघलो. माणूस वरसून वाकडो जाता, ह्या आमका कोणी सांगूक नाय."

इथवर मीही ऐकून घेतलं. डॉक्टरने त्याला बजावलंही होतं, की कुणाच्या मानेला हात लावायचा नाही, झटका तर मुळीच द्यायचा नाही. हे मात्र मेस्त्रीने देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. पण बाकीचं डोकं त्याने गहाण टाकलं. कुणाचं जावयाशी पटत नाही, वरचा चिरा. कुणाच्या काजूला मोहोर धरत नाही, तरी त्या काजूवाल्याची मान बघायची. आणि लोक हसायचं सोडून रांगेत उभे राहतात. मी फुकट रक्तदाब मोजून देतो म्हणून पाटी लावली, तेव्हा दिवसभरात तीन माणसं आली. त्यातली दोन पावसात आडोशाला थांबलेली.

गेल्या साली देवळात पालखी फिरत असताना हा मध्येच आडवा झाला. चारही भोयांचे खांदे त्याने ओळंब्याने मोजले आणि जाहीर केलं, की पाच पावलांनी खांदा बदला, नाहीतर सगळे एका बाजूला कलाल. उजवी दांडी वाडवडिलांपासून एकाच घराण्याकडे. त्यांनी पालखी खाली ठेवायची तेवढी बाकी ठेवली. दोन महिने त्या घरातलं कुणी मेस्त्रीशी बोलत नव्हतं. त्याच्या आदल्या साली आमच्या शेजारचे आबा गेले. अंगणात बायका रडतायत, मडकं तयार आहे, आणि हा आबांच्या डोक्याशी वाकून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता काढतो ओळंबा. काढला नाही. सरळ उभा राहून म्हणाला, "आता इलो सुतात." आबांचा मुलगा अंगावर धावून गेला, ते मीच मध्ये पडलो म्हणून निभावलं.

गावात त्याच्या ओळंब्यातून दोनच माणसं सुटली होती. एक मी. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की माझ्यासमोर ती दोरी धरलीत तर कात्रीने कापीन. तो हसायचा आणि म्हणायचा, "तुजा मोजूक कित्याक व्हया? तू फोन खांद्यार धरतंस." हे खरं आहे. गोळ्या काढताना दोन्ही हात लागतात म्हणून मी फोन कानाखाली खांद्यात दाबून बोलतो. तेव्हापासून मेस्त्री पायरीवर असला की फोन हातात धरायला लागलो, याचा मला अजून राग येतो.

दुसरी, त्याची बायको. शालनकाकी. आख्खा गाव ज्याच्यापुढे मान ताठ करून उभा राहतो, त्याला घरातली बाई विचारत नाही, ही माझी मोठी करमणूक होती. तो दोरी घेऊन जवळ गेला, की काकी म्हणायच्या, "माजी मान मातयेत घालतलास तेवाच मोजा." आणि केरसुणी घेऊन अंगणात निघून जायच्या. बुटकी, हसरी बाई. बोलताना डोकं उजवीकडे कललेलं असायचं. ऐकून घ्यायची लकब आहे त्यांची, असं मी समजत होतो.

गेल्या मे महिन्यात म्हापशाचा डॉक्टर आठ दिवस राहायला येणार होता. मेस्त्रीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की तो काकींची मान बघेल. आता काकींना तयार करायचं बाकी होतं. मेस्त्री माझ्या पायरीवर येऊन बसला. त्या दिवशी त्याने एकाही गिऱ्हाइकाला अडवलं नाही.

"तू जावन सांग तिका," तो म्हणाला. "तुजा ऐकतली. तू शिकलेलो." चार वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी पदविका दिसली.

"मी तुमच्या कायरोची वकिली करू?" मी म्हटलं.

"माजी नको. तिची कर."

मी हो म्हटलं, पण खरं सांगायचं तर माझ्या मनात उलटंच होतं. जायचं आणि काकींना सांगायचं, की या नादाला लागू नका. या वयाच्या मानेला एक्स-रेचा फोटो काढल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे तर खरंच आहे. खरं सांगून मेस्त्रीला तोंडघशी पाडायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मेस्त्री परसात माडाला आळं करत होता. काकी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी माझं भाषण सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकलं, डोकं नेहमीसारखं उजवीकडे कलवून, आणि मग सूप बाजूला ठेवलं.

"लगीन झाला नि तिसऱ्या म्हयन्यापासून मी ह्यांच्या हाताखाली," त्या म्हणाल्या. "हे परांचीर उभे आणि मी डोक्यार चिरो घेवन फळयेवरसून वर. बावीस वर्सां. एकेक चिरो उचलूक दोन माणसां लागत. डोक्यार ठेवला की मगे माजी मी."

त्यांनी मानेमागून हात फिरवला.

"मान दुखता रे. हात पण बधिर जाता राती. डाक्तराक दाखवीन मी, माका काय भय नाय. पण ह्यांच्या दोरयेखाली बसाचंय नाय. माप घेतल्यार ह्यांका कळतला, किती सरकला ता. मगे हे जेवचे नाय." त्या परसाकडे बघून हसल्या. "माका ह्यांचा नाटक आवाडता. रोज येवन सांगतत, आज ह्यो वाकडो गावलो, आज त्यो वाकडो गावलो. आख्खो गाव वाकडो. कोणच सुतात नाय म्हणतत." मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी ओटीवर एकटा बसलो. मला माझी लाज वाटत होती. पदविका माझी, दुकानात रोज माना दुखणारी माणसं माझ्यासमोर येणार, आणि या बाईचं कललेलं डोकं मी लकब म्हणून वर्षानुवर्षं बघत आलो. नजर कुठेतरी लावायची म्हणून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर तोंड बघायचा आरसा होता, दोन खिळ्यांवर टांगलेला. उजवी बाजू चांगली दोन-तीन बोटं खाली. शेजारचं कॅलेंडर, देवाची तसबीर, घड्याळ, सगळं रेषेत. आरसा तेवढा तिरका. चला, म्हटलं, मेस्त्रीच्या घरात काहीतरी वाकडं सापडलं. सवयीने उठलो आणि सरळ करायला हात पुढे केला.

"हात लावू नको." मेस्त्री दारात उभा होता, हाताला माती.

"वाकडो आसा मेस्त्रीनू."

"तो तिका सरळ दिसता," तो म्हणाला. आवाज चुलीपर्यंत जाणार नाही एवढा बारीक. "सकाळी वेणी घालता ना ती. आरसो सरळ लावलो तर तिका तिची मान वाकडी दिसात."

मी जवळ जाऊन बघितलं. डाव्या खिळ्यापाशी भिंत साफ होती. उजव्या खिळ्याच्या वर बुजवलेली भोकं होती, एकाखाली एक. रंगाखालूनही त्यांचे उंचवटे हाताला लागत होते. मी मोजली. आठ.

"दर वर्साक गणेशचवतीक घर रंगवतंय, तेवा वायच खाली घेतंय," मेस्त्री म्हणाला. "गेल्या चवतीक जास्त घेवचो लागलो."

म्हापशाचा डॉक्टर आमच्या गावात आला त्याला चार वर्षं झाली. भोकं आठ होती. पहिला मणका, कायरो, सांगाडा, हे सगळं कळायच्या आधीपासून हा माणूस बायकोची मान डोळ्यांनी मोजत होता आणि खिळा सरकवत होता. आणि गावातला एकही जिवंत माणूस त्याच्या सुतात का बसत नाही, तेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आख्खा गाव वाकडा असला, की एकटी कुणी वाकडी उरत नाही. मी चार वर्षं त्याला मूर्ख म्हणत होतो.

"काकींना मी नेतो," मी म्हटलं. "आधी कुडाळला, हाडांच्या डॉक्टरकडे. मानेचा फोटो काढू. मग तुमचा म्हापशाचा. तुम्ही येऊ नका."

त्याने मान हलवली. "ने. किती ता माका सांगा नको. माका खिळो सांगता."

आत कपबशा वाजल्या. मेस्त्रीने घाईघाईने हाताची माती लुंगीला पुसली आणि तोंड नेहमीसारखं आगाऊ केलं. मग मी जे कधी करणार नाही म्हणून पैज मारली असती ते केलं. ओटीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "घेवा माजा माप."

मेस्त्रीने माझ्याकडे एकदा बघितलं. मग डावा डोळा मिटला, ओळंबा काढला आणि दोरी माझ्या नाकासमोर धरली. गोळा डुलत होता. तो थांबायच्या कितीतरी आधीच मेस्त्रीने चुलीच्या दिशेला तोंड फिरवलं आणि मोठ्याने सांगितलं, "ऐकलंस गो? ह्यो औषधवालो पण सुतात नाय."

आतून काकींच्या हसण्याचा आवाज आला.