उत्तमभावजींची कानाला चावणारी गाणी

आमचे उत्तमभावजी गाणं तयार करताना गाण्याकडे बघायचेच नाहीत. समोर कॉम्प्युटर, दोन बाजूंना दोन स्पीकर, उजवा हात माउसवर आणि मान पार खिडकीकडे वळलेली. गाणं घसा फोडून चाललेलं, भावजी अंगणात बघून राहिलेले. मधूनच न बघता माउस एवढासा सरकवायचे, की पुन्हा खिडकी. एखादी बाई शेजारच्या दारात काय चाललंय ते बघत बघत भाकरी थापते ना, अगदी तसं.

उत्तमभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "व्हईल की वहिनी, कुठं पळून चाललंय?" नव्वदच्या सुमारास आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोकांनी आवडीची गाणी सांगायची, भावजींनी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायची. पुढे सीडी आल्या, कॅसेटला कोणी विचारीना. तेव्हा भावजींनी दुकान बंद केलं आणि हिंगोलीहून जीपच्या टपावर बांधून कॉम्प्युटर आणला. पुढच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या आणि दारावर खडूनं लिहिलं: 'स्टुडिओ. चप्पल बाहेर काढा.'

गाद्या माझ्या माहेरच्या होत्या. पाहुणे आले की मी नुसती भिंतीकडे बघायची.

मग घरात शिरले ते प्लगिन. हिंगोलीतल्या एका मित्रानं भावजींना त्यांची सीडी दिली. मला वाटलं, गाण्यांची असेल. लावली तर आवाज काहीच नाही. आता मी पडले दहावी पास, सासरी सगळ्यांत जास्त शिकलेली. हा तोरा मी लग्नापासून सांभाळलेला. त्यामुळे 'मला कळलं नाही' असं म्हणायची माझी सोयच नव्हती.

"भावजी, हे प्लगिन ठेवलेत कुठं?"

"कॉम्प्युटरमधे."

"ते कळतंय मला. कोणत्या खणात?"

भावजींनी पडद्यावर एक डबा उघडून दाखवला. चित्रातलाच. त्यावर गोल बटणं, लाल दिवे, एक काटा थरथरत होता. "ही बटणं माउसनं फिरवायची. मग गाण्याचा आवाज बदलतो."

"चित्रातलं बटण फिरवल्यावर खरा आवाज बदलतो?"

"व्हय."

"मग चित्रातल्या चुलीवर खरी भाकर भाजंल का?"

भावजी खरोखर विचारात पडले. "अजून न्हाई," म्हणाले.

मला समजावं म्हणून त्यांनी त्या डब्यांना घरातली नावं दिली. एक 'हौद'. तो लावला की माणूस रिकाम्या हौदात उतरून गातोय असं वाटे. एक 'पाटा'. तो ओरडणाऱ्याला दाबून आणि कुजबुजणाऱ्याला उचलून सगळं सारखं वाटून काढी. एक 'चाळणी', पंख्याची घरघर गाळायला. आणि एक 'चिमटा'. आवाजाचं बारीक टोक पकडून तो वर ओढायचा. मी मान डोलवायची. आज इतक्या वर्षांनी नातीनं मोबाइलवर दाखवलं, तरी माझा हौद आणि पाटा यात गोंधळ होतोच.

ज्यानं आयुष्यात एक मुलगी धड पाहिली नाही, तो माणूस प्लगिन मात्र पाहायला बसल्यासारखा पाहायचा. मित्रानं नवीन सीडी आणली की तेच एक गाणं प्रत्येक डब्यातून काढायचं. "हा दिसायला झ्याक, पण आवाज कोंदट." "हा चांगला होता, पण कॉम्प्युटर बंद पाडतो." शेवटी मान हलवून, "अजून एक लावून पाहू." ते 'अजून एक' दिवसभर चाले. आमचे हे जेवायला हाका मारून थकत.

बरं, एवढं पाहून गाणं कसं निघायचं? अहो, कानाला चावायचं. झांजा अशा वाजायच्या की कोणी पत्र्यावर चिल्लर फेकतंय. बायकांचा आवाज तर सुईसारखा घुसायचा. तांड्यावरची पोरं होळीची गाणी भरून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. "उत्तमभाऊ, गाणं वाजवलं तर बैल दावं तोडून राहिले." बाजारात चहाच्या टपरीवर तर ठरलेलंच, "उत्तमची सीडी लाव रे, दुकानातली माकडं जाऊ दे." एकेक गिऱ्हाईक सेनगावला, हिंगोलीला जाऊ लागलं. भावजी सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "ज्याचा त्याचा कान."

मी एकदा सुचवलं, "तो चिमटा काढून तर बघा."

"चिमटा न्हाई निघायचा, वहिनी." असं म्हणून पुन्हा खिडकीकडे.

मग माझ्या दहावी पास डोक्यात उजेड पडला. खिडकीतून दिसायचं काय? आधी अंगणातला लिंब, त्याखाली सूप घेऊन डाळ निवडणाऱ्या आमच्या सासूबाई, आणि त्यापलीकडे हापसा. हापशावर सकाळ-संध्याकाळ पाणी भरायला यायच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. गोऱ्या, उंच, पाठीवर जाड वेणी. हात् तिच्या! म्हणून गाणं बिघडतंय तर. माणसाचं चित्तच थाऱ्यावर नाही.

मी कामाला लागले. नर्सबाईंना चहाला बोलावलं, आणि मुद्दाम लिंबाजवळ, खिडकीच्या बरोबर समोर खाटेवर बसवलं. आत गाणं सुरू होतं. बाईंनी पदर सारखा केला. मी खिडकीशी जाऊन हळूच म्हटलं, "भावजी, पाहुण्या आल्यात."

"बरं झालं," भावजी म्हणाले. "त्यांना जरा बाजूला सरकायला सांगा."

नर्सबाईंनी ते ऐकलं. चहा अर्धा टाकून गेल्या, आणि पुढे पाणी भरायला दुसऱ्या हापशावर जाऊ लागल्या. मला वाटलं, आता तरी भावजी झुरतील. ते तर शीळ घालत होते. माझा गोंधळ आणखी वाढला.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा माझ्यावर राग होता, अशी माझी पक्की खात्री. त्यांच्या दोन्ही मुलांनी गोठ्यातून "माय" म्हटलं की लगेच "काय रे?" मी बाजूला उभी राहून "वरण वाढू का?" विचारलं तर भिंत. माझा आवाज बारीक, किनरा. लहानपणी शाळेत प्रार्थना सांगायचा मान मिळाला होता त्या आवाजाला. आणि इथे त्याला उत्तर नाही! मीही मानी. मग मीही बोलणं सोडून दिलं. ताट ठेवायचं, तोंड फिरवायचं. कोणी विचारलं की आत्याबाई म्हणायच्या, "आताच्या बाया तोंडातल्या तोंडात बोलून राहिल्या." हा टोमणा मलाच, हेही मी ओळखलं होतं. फार हुशार होते मी.

त्या साली शांताकाकूंच्या महिला भजनी मंडळानं भावजींकडे भजनं भरली. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी ती सीडी सगळ्या गावासमोर वाजायची होती. आमचे हे भावजींना स्पष्ट म्हणाले, "उत्तम, हे नीट झालं न्हाई तर मग कॉम्प्युटर इक अन् हळदीच्या आडतीवर मुनीम म्हणून लाग. मी बोलून ठेवलंय." भावजी आठवडाभर खिडकीकडे बघत गाणी करत राहिले.

सीडी ऐकायला शांताकाकू स्वतः आल्या. ऐन दुपारची वेळ. मी चहा घेऊन स्टुडिओच्या दारात उभी. पहिलंच भजन सुरू झालं आणि काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"उत्तम्या! हा माझा आवाज हाय का मांजर कुठं अडकलंय?"

"काकू, ज्याचा त्याचा..."

"मार खाशील! साऱ्या गावापुढं लावायचंय हे. आमी बाया काय किंचाळून राहिलो का? नीट येत नसंल तर सांग, मी हिंगोलीला जाते."

भावजींचा चेहरा उतरला. ते मुकाट्यानं पडद्याकडे वळले आणि चिमट्याच्या डब्यावरची, तो चालू असल्याची खूण काढली. नुसती खूण. आणि काय सांगू! काकूंचा आवाज सायीसारखा मऊ झाला. मागच्या बायका एकेक वेगळ्या ऐकू यायला लागल्या. मी कपबशी हातात धरून बघतच राहिले. म्हणजे या माणसाला येत होतं! इतकी वर्षं येत होतं!

काकू काही बोलणार, तेवढ्यात लिंबाखालून आत्याबाईंचा आवाज आला.

"उत्तम! बाया उठून गेल्या का रे? नुसता मृदंग वाजून राहिला."

खोलीत शांताकाकू गात होत्या, पूर्ण आवाजात. आणि शांताकाकूच खुर्चीवर बसून ते ऐकत होत्या.

भावजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आत्याबाईंचे हात सुपावर थांबलेले.

"च्या प्यायला उठल्या व्हत्या, माय," भावजी आपल्या भरड्या आवाजात म्हणाले. "ह्या आल्या बघ." आणि त्यांनी ती खूण पुन्हा लावली.

पुन्हा तो पत्रा, त्या सुया, पुन्हा काकूंचे हात कानांवर. आणि बाहेर आत्याबाईंची मान हलायला लागली. बोटं सुपाच्या काठावर ताल धरू लागली. मग त्या स्वतःशीच काकूंच्या मागून म्हणूही लागल्या, बरोबर, शब्दाला शब्द.

शांताकाकूंनी कानावरचे हात कधी खाली घेतले मला कळलं नाही. भजन संपल्यावर त्या उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मंडळाची येगळी काढ, मऊवाली. ही तुझ्या मायपाशीच राहू दे." जाता जाता लिंबाखाली थांबून त्या आत्याबाईंच्या गुडघ्याला हात लावून गेल्या.

मी मात्र चिडले होते. कशावर, तेही नीट कळत नव्हतं. "भावजी, मला सांगायचं तरी! मी काय परकी होते?"

भावजी वायरी गुंडाळत बसले होते. "हिंगोलीला डाक्टरकडं नेलं व्हतं वहिनी तिला. तो म्हणला, बारीक आवाज जातात आधी, कानात मशीन घाला. तर माय तिथून उठून सरळ एसटी स्टँडवर. म्हणली, मी भैरी हाव का? लोकच हळू बोलून राहिले." वायरीला गाठ मारून म्हणाले, "तुमाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुमी वरडून बोलल्या असत्या. तिला कळलं असतं."

मी ओरडूनच विचारणार होते, मी कधी ओरडते म्हणून.

म्हणजे आमचं ते अबोल्याचं युद्ध मी एकटीच लढत होते. समोरच्या सैन्याला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबाखाली आत्याबाईंच्या पुढे ताट ठेवलं, आवाज पोटातून काढला आणि बाजारातल्या हमालासारखं घोगऱ्या सुरात विचारलं, "आत्याबाई, वरण वाढू का?"

आत्याबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. "वाढ की," म्हणाल्या. "थोडं तूपही घाल." मग लगेच, "सर्दी झाली का गं तुला?"

"व्हय," मी घोगऱ्यानंच म्हटलं.

पुढे मला ती सर्दी कायमचीच झाली. आमचे हे काढे आणून आणून कंटाळले. त्या पहिल्या सकाळी मात्र मी तूप वाढत होते, काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून डाळीबद्दल, हळदीबद्दल, लिंबावरच्या कावळ्याबद्दल वाटेल ते विचारत सुटले होते, आणि आत्याबाई एकेकाचं उत्तर देत होत्या.

स्टुडिओची खिडकी उघडीच होती. भावजी गजांना धरून उभे. डोळे पुसल्यासारखं केलं त्यांनी, की चष्मा, ते मला त्या उन्हात नीट दिसलं नाही. मग हातानं खूण करून ते हलक्या आवाजात मला म्हणाले,

"वहिनी, सूर अजून थोडा खाली घ्या."