लाल कढी

मेडशीत कुठंही पंगत बसली की आमचे शेजारी गणपतकाका कनवटीतून हळदीत रंगवलेली चिंधी काढायचे आणि शेजारच्याच्या वरणात बुडवायचे. तो बिचारा घास हातात धरून बघत राहायचा. चिंधी होती तशीच पिवळी. काका मान हलवायचे. "आंबट. पुरं आंबट हाय. खाऊन राह्यले सारे, पन पोटाले कोनी पुसलं का?"

हे खूळ अकोल्याहून आलेलं. तिथल्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, अन्नाच्या जाती दोनच, आंबट आणि खारी, म्हणजे सोड्यासारखी. आंबट जास्त झालं की पोट जळतं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे काकांनी धुण्यावर पाहिलेलंच होतं. झालं. चिंधी लाल झाली तर वस्तू खारी, नाही तर आंबट. आता हळद साध्या पाण्यातही पिवळीच राहणार, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यामुळे भाकर आंबट, दूध आंबट, विहिरीचं पाणीसुद्धा आंबट.

"मंग गूळबी आंबट का, काका?" मी एकदा चिडवलं.

"गूळ लबाड हाय. तोंडावर गोड बोलते."

त्यात डॉक्टर म्हणे, लिंबू तोंडात आंबट असलं तरी पोटात गेल्यावर खारं होतं. यावर काका कितीतरी दिवस ओट्यावर बसून विचार करत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "आतमंदी त्याले उलटवाले कोन बसलं हाय?"

आम्ही हसण्यावारी नेलं असतं, पण काकांच्या घरात रुखमाकाकू होती. काही खाल्लं की तिच्या छातीपोटात आग पडायची. बाई वाळून काडी झाली होती. काका तिच्या ताटातली एकेक वस्तू तपासून परत पाठवायचे. अंबाडीची भाजी बंद, ठेचा बंद, ताकही बंद. बायका म्हणायच्या, हा माणूस बायकोला उपाशी मारतो. मलाही तेच वाटे, आणि मी ते त्यांच्या तोंडावर म्हणायला कमी केलं नाही.

"थांब ना जरा," काका म्हणायचे. "उपाय सापडून राह्यला मले."

तो सापडला नेमका माझ्या बहिणीच्या लग्नात. जऊळक्याचं वऱ्हाड पंगतीला बसलेलं, मागं मोठ्या गंजात कढी उकळतेय. आचारी मिठासाठी वळला, तेवढ्यात काकांनी शेलूबाजारातून आणलेली पापडखाराची अख्खी पुडी कढीत ओतली. कढी उठली. फेसाळत काठाबाहेर आली, चुलीत पडली, चूल विझली, धुरानं सगळे खोकायला लागले. फेस खाली बसला तेव्हा कढी लालसर झाली होती. काकांनी चिंधी बुडवून वर धरली.

"लाल झाली. पाहा रे, लाल झाली."

इतका आनंदलेला माणूस मी त्या मांडवात दुसरा पाहिला नाही, नवरदेवासकट. माझे वडील डोकं धरून खाली बसले. मी बोट बुडवून चाखलं, तर साबणाचं पाणी बरं. तोवर काका वाटी भरून परसात गेले होते. माझं डोकं असं फिरलं की चार शिव्या जुळवतच मी त्यांच्यामागं गेलो.

परसात काकू एकटी बसली होती. पंगतीत बसून दुसऱ्यांचं जेवण बघणं तिला सोसत नसे. काका उकिडवे बसून वाटीवर फुंकर घालत होते.

"घे वो. आज साऱ्यायसंगं जेव. आंबट काई ठिवलंच नाई यात."

तिनं घोट घेतला. चेहरा जरा आक्रसला, मग तिनं सगळी वाटी संपवली. काका तिच्या तोंडाकडं असे बघत होते की मला पुढं पाऊल टाकवेना.

"जळते का?"

"नाई जळत."

"माह्यासाठी तं नाई म्हनून राह्यली?"

काकूनं रिकामी वाटी पुढं केली. "भूक लागली हाय. अजून आना."

काका उठले, पण त्यांचे डोळे इतके भरले होते की त्यांना दार दिसेना. मी वाटी त्यांच्या हातून घेतली. ओठांवर आलेल्या शिव्या कुठल्या कुठं गेल्या होत्या. गंजापाशी आलो तर आचारी कढी उकिरड्यावर ओतायला निघालेला.

"थांब," मी म्हणालो. "अजून एक मानूस जेवाचं हाय."